राजवाड्याबाहेरची खुंटी

धाकटीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते एका लग्नात, आणि पाहिलं म्हणजे तरी काय, आधी तिला माणूस दिसलाच नाही. दिसल्या त्या पर्सा. कार्यालयाच्या दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारी, खांद्यांवर पर्सा, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात कुणाचं तरी झोपलेलं मूल, गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा आणि काखेत शाल, असा सगळा बाजार हवेत लटकत होता. जवळ गेल्यावर त्या सामानाच्या मधोमध एक शांत चेहरा सापडला. हा कार्यालयाचाच माणूस असणार असं समजून तिनंही आपली पर्स त्याच्या मोकळ्या करंगळीत अडकवली, "जरा बघा हं" म्हणाली आणि फोटोसाठी पळाली.

जेवण उरकून ती परत आली तेव्हा तो तिथंच उभा होता. ज्याची वस्तू त्याला, न विचारता आणि न चुकता, परत चालली होती. मूलही त्यानं बरोबर त्याच्याच आईकडे दिलं. त्या वेळी तिला हे काही विशेष वाटलं नाही. पुढं स्वतःची दोन झाल्यावर वाटलं.

"तुम्ही जेवलात का?" तिनं विचारलं.

"एक छत्री राहिलीय," तो म्हणाला. "तिचं अजून कुणी आलं नाही."

संध्याकाळी धाकटीनं थोरल्या बहिणीला सांगितलं, "अगं, दारात एक खुंटी उभी होती. चांगली सागवानी." थोरली अशी गोष्ट हातची सोडणाऱ्यातली नव्हती. तिनं चौकशी लावली. मुलगा नवऱ्या मुलाचा लांबचा चुलतभाऊ निघाला. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम शिकलेला, परदेशातल्या कारखान्यात नुकताच लागलेला, आणि घरी माणूस म्हणाल तर एक आत्या. वर्षाच्या आत धाकटीचं लग्न झालं आणि खुंटी हे नाव सासर-माहेर दोन्हीकडं पक्कं झालं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. छत्री मात्र शेवटपर्यंत कुणी मागितली नाही. ती त्यांच्याबरोबर परदेशी आली.

तिथलं त्यांचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात दोघं एकदम उभी राहिली की फ्रिजचं दार उघडत नसे. बाहेरच्या खोलीत एक सोफा होता. ओढला की त्याचा पलंग व्हायचा, आणि पलंग झाला की त्याचा एक पाय आखूड पडायचा. त्या पायाखाली वर्तमानपत्राच्या घड्या. हलक्या पाहुण्याला एक घडी, भारी पाहुण्याला दोन. खुंटी विमानतळावर पाहुण्याला लांबून येताना बघूनच मनात घड्या ठरवून टाकी.

पहिली मुलगी झाली आणि पाहुण्यांना निमित्त मिळालं. बाळाला बघायला म्हणून खुंटीचे सासू-सासरे आले. बाळ रांगायला लागलं म्हणून धाकटीचे मामा-मामी आले. मग थोरली आणि तिचा नवरा आला, आणि त्यांनी इतकं कौतुक सांगितलं की पुढच्या वर्षी थोरलीचे सासू-सासरे आले. कारखान्यातला मुकादम रजेचा अर्ज बघून विचारायचा, "या वेळी कोण?"

"साडूचे आईवडील."

मुकादमाच्या भाषेत साडूला शब्दच नव्हता. खुंटी एकेक बोट धरून समजावायला लागला, की ही माझी बायको, ही तिची बहीण, हा त्या बहिणीचा नवरा. हा हात संपून दुसरा हात सुरू व्हायच्या आत मुकादमानं सही केली.

पाहुण्यांना गाव दाखवायचं काम खुंटीचं. धाकटी एका दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची, फोन घ्यायची, घाबरलेल्या लोकांना धीर द्यायची. शनिवारी तिथं सगळ्यात गर्दी, आणि फिरायला शनिवारच सोयीचा. त्यामुळं शनिवारी सकाळी खुंटी, पाहुणे, चार वर्षांची चिमी, दीड वर्षाचा गोटू आणि निळी बाबागाडी असा लवाजमा निघायचा. निघायचा म्हणजे निघायचं ठरायचं. गोटूचे बूट घालून होईतो चिमीला शू लागायची. चिमीचं आटपलं की पाहुणे आलेल्या काकांना आपली गोळी आठवायची. काका पाणी पिऊन येईपर्यंत गोटूनं बूट काढून बाबागाडीत लपवलेले असायचे.

गावातली सगळी बघण्यासारखी ठिकाणं खुंटीला पाठ होती, पण त्याच्या पद्धतीनं. कुठल्या मनोऱ्याजवळ स्वच्छ संडास आहे, कुठल्या पुलावरच्या बाकाला पाठ आहे, मुलाचे कपडे बदलायला फळी कुठल्या संग्रहालयात आणि ती किती डुगडुगते, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मनोऱ्याला घड्याळ आहे की नाही, हे मात्र त्यानं कधी नीट पाहिलं नव्हतं. वर बघायला मान मोकळी लागते.

आणि सगळ्यात शेवटी, मुकुटमणी म्हणून, राजवाडा. राजवाड्यात बाबागाडी नेऊ देत नसत. मोठ्या पिशव्याही नाहीत. मग कुणीतरी बाहेर थांबायला हवं, आणि खुंटी असताना दुसरं कोण थांबणार? तो पाहुण्यांची तिकिटं काढायचा, त्यांचे कोट, पिशव्या, कॅमेरे अंगावर घ्यायचा, लहान मूल खांद्यावर टाकायचा आणि समोरच्या चौकात कबुतरांमध्ये उभा राहायचा. पाहुणे तासा-दीड तासानं बाहेर येत. चेहरे ताजेतवाने.

"कसं होतं?" तो विचारी.

"काय सांगू जावईबापू!" सासूबाई पहिल्या वेळी म्हणाल्या होत्या. "आरसे! नुसते आरसे! माणूस स्वतःला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतो."

ते खुंटीनं ध्यानात ठेवलं. मामा-मामी आत जायला निघाले तेव्हा त्यानं सांगितलं, "आरसेमहाल चुकवू नका." मामा बाहेर येऊन म्हणाले, "अगदी तू म्हणालास तसाच आरसेमहाल! आणि राणीचा पलंग इतका उंच, की चढायला शिडी." पुढं थोरलीच्या नवऱ्याला त्यानं आरसेमहाल आणि शिडीचा पलंग दोन्ही सांगितले. साडू कपाळ पुसत बाहेर आला. "साडूबुवा, शिडी चांदीची आहे. आणि पायऱ्या तरी किती! चारशे असतील." त्याच्या आईवडिलांनी तळघरातल्या तोफांची भर घातली. अशा रीतीनं राजवाडा दर वर्षी वाढत गेला. खुंटी इतकं रंगवून सांगायला लागला की दवाखान्यातल्या एका बाईनं धाकटीला विचारलं, तुझे मिस्टर तिथं नोकरीला होते का?

तो एकदाही आत गेला नव्हता.

"एकटा जाऊन ये की एखाद्या दिवशी," धाकटी म्हणायची.

"मला काय, सगळं माहीतच आहे," खुंटी म्हणायचा.

या घरात मग एक गोष्ट खरोखरीच्या काळजीची झाली. ती म्हणजे आत्या.

खुंटीचे आईवडील तो लहान असतानाच गेले. आत्यानं त्याला वाढवलं, आणि वाढवलं ते पिठाच्या गिरणीत. गिरणी तिच्याच मालकीची होती. पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची इतकी सवय, की गिरणी बंद असतानाही आत्या हळू बोलली तर लोक तब्येत विचारत. आता गिरणी तिनं दुसऱ्याला चालवायला दिली होती आणि मागच्या खोलीत एकटी राहत होती. मागच्या वर्षी ती ओट्यावरून उतरताना पडली आणि दूधवाल्यानं हाक मारेपर्यंत जमिनीवरच बसून राहिली. "कुणाला कशाला बोलवायचं सकाळी सकाळी," असं तिचं म्हणणं. हे कळल्यापासून खुंटीचं चित्त ठिकाणावर नव्हतं. दर रविवारी फोनवर तेच.

"आत्या, इकडं ये राहायला."

"आणि करू काय तिथं?"

"काही करायचं नाही. आराम."

"आरामानं माझं डोकं दुखतं."

शेवटी एकदा ती म्हणाली, "तीन आठवडे येते. बघते. आवडलं तर बघू." त्यातलं 'आवडलं तर' एवढंच खुंटीनं ऐकलं. फोन ठेवल्या ठेवल्या त्यानं रजेचा अर्ज लिहायला घेतला.

"आवडलं पाहिजे," तो धाकटीला म्हणाला. "आवडलं तर राहील ती. सगळं दाखवायचं. एक जागा सोडायची नाही."

धाकटीलाही आत्या राहायला हवी होती. तिला खुंटीचा तो चेहरा बघवत नव्हता, जो रविवारी फोन वाजूनही पलीकडं कुणी उचलला नाही की व्हायचा.

आत्या आली. खुंटीनं विमानतळावरच एक घडी ठरवली. काटक बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले, हातात एकच पिशवी. "सोन्या, वाळलास!" ती म्हणाली, आणि पलीकडच्या दारावरच्या पोलिसानं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून दाखवणं सुरू. होडीतून नदी दाखवली. होडीत गोटूनं आत्याचा एक बूट पाण्यात टाकला आणि टाटा केलं. बाग दाखवली. बागेत चिमी मुंग्यांच्या रांगेपाशी बसली ती उठेचना, आणि बाकीची बाग तिथूनच, लांबून, पाहावी लागली. मनोरा दाखवला, पूल दाखवला, जुन्या जहाजांचं संग्रहालय दाखवलं. आगगाडीत आत्यानं "सोन्या, इथं सगळी अशी गप्प का? कुणी गेलंय का?" असं विचारलं आणि अख्खा डबा दचकला. प्रत्येक ठिकाणी खुंटी अंगावरच्या पिशव्यांमधून मान काढून विचारी, "कसं वाटलं?"

"छान आहे," आत्या म्हणे.

"छान म्हणाली," रात्रीची भांडी लावताना खुंटी खुशीत सांगायचा. "होडीलाही छान, मनोऱ्यालाही छान."

धाकटी पुढचं भांडं त्याच्या हातात द्यायची. लग्नानंतर नवऱ्यानंच तिला एक गंमत सांगितली होती. गिऱ्हाइकानं किडका गहू आणला आणि कसा आहे म्हणून विचारलं, की आत्या त्याच्या तोंडावर कधी वाईट बोलायची नाही. "छान आहे," म्हणायची आणि दळून द्यायची. ही गोष्ट सांगणारा स्वतः ती विसरला होता. धाकटी विसरली नव्हती.

घरी आत्याला काम नव्हतं. भांडी यंत्र घासायचं, कपडे यंत्र धुवायचं. ती सोफ्यावर बसून कपड्यांच्या यंत्राकडं बघत राहायची. "बरी चालते गिरणी," एकदा म्हणाली. भाजी चिरायला घेतली तर खुंटी सुरी काढून घ्यायचा. "तू बस, आत्या. पाहुणी आहेस." आत्या बसायची. दोन हात मांडीवर ठेवून अशी बसायची, की ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत आणि सांभाळायला दिलेत.

तिसरा आठवडा लागला. राहिला फक्त राजवाडा.

"हा हुकमाचा एक्का," खुंटी म्हणाला. "हा बघितला की ती हो म्हणणार. तू दवाखान्यातून रजा घे. तू तिच्याबरोबर आत जा. आरसेमहाल, मग पलंग, मग तळघर. घाई करू नका."

शनिवारी ऊन चांगलंच होतं. फाटकाशी त्यानं दोन तिकिटं काढली, आत्याची पिशवी, धाकटीची पर्स, दोघींचे कोट अंगावर चढवले, गोटूला खांद्यावर घेतलं आणि ती लग्नातली छत्री उघडून चौकात उभा राहिला. "सावकाश," तो म्हणाला. "आम्ही इथंच आहोत."

आत शिरल्यावर पहिलंच दालन मोठं, थंडगार आणि जवळजवळ रिकामं होतं. डाव्या हाताला खिडकी, खिडकीखाली लांब लाकडी बाक. आत्यानं बाक पाहिला आणि तिच्या गुडघ्यांनी परस्पर निर्णय घेतला. "तू बघून ये, मी जरा टेकते," ती म्हणाली. कोपऱ्यात खुर्चीवर राखाडी कपड्यांतली राखणदार बाई विणत बसली होती. तिनं मान वर केली.

"बसा, बसा. निळ्या गाडीवाल्याकडचे ना तुम्ही?"

धाकटी चमकली. "तुम्ही त्यांना ओळखता?"

"या खिडकीतून दिसतो ना तो. दर वर्षी. आणि त्याची माणसं दर वर्षी या बाकावर बसतात."

"बसतात, आणि मग वर जातात," धाकटी म्हणाली.

"बसतात, आणि मग बाहेर जातात," बाई म्हणाली. तिनं सुया खाली ठेवल्या. बोलायला कुणीतरी मिळाल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसत होता. "एक जाडसे गृहस्थ होते. बूट काढून इथंच आडवे झाले. छान घोरले. उठल्यावर मला हात जोडून गेले."

"मामा," धाकटी पुटपुटली.

"आणि आधी एकदा एक बाई, मोठा अंबाडा, बरोबर काठीवाले. तासभर भांडले, पण अगदी हळू आवाजात. मध्येच त्यांनी डबा काढला. मी म्हटलं, इथं खायला मनाई आहे. तर त्या बाईंनी मलाही एक दिलं. गोड होतं. मी खाल्लं."

धाकटीला खालीच बसावं लागलं. तिचे स्वतःचे आईवडील! "मग तो आरसेमहाल?"

"आरसे नाहीत इथं. हां, त्या तिकडं हात धुवायच्या जागी आहे एक, लांबडा. त्या बाई बराच वेळ होत्या तिथं."

"आणि राणीचा पलंग? चांदीच्या शिडीचा?"

राखणदार बाईनं दालनाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं भिंतीला एक ॲल्युमिनियमची शिडी टेकून ठेवलेली होती. "छत गळतं. माणूस शिडी ठेवून गेला तो परत आलाच नाही. चार वर्षं झाली."

"चारशे पायऱ्या?"

"जिन्याला? बावीस. एक चष्मेवाले तरुण गृहस्थ पहिलीपर्यंत गेले होते. वर बघितलं आणि परत आले."

धाकटी हसायला लागली ती थांबेना. डोळे पुसत, अडखळत तिनं सगळं आत्याला सांगितलं. मामांचं घोरणं, आईचा आरसा, भावजींची पहिली पायरी. आत्या हसली नाही. ती बाकावर अर्धी वळून खिडकीतून बाहेर बघत होती.

बाहेर खुंटी उभा होता. गोटू खांद्यावर झोपलेला, चिमी त्याच्या बुटावर बसून पायाला मिठी मारून, दोन्ही दंडांवर कोट आणि पिशव्या, आणि छत्री अशी कलती धरलेली की सावली दोन्ही मुलांवर पडावी. ती त्याच्यावर पडत नव्हती. तो दाराकडं बघत होता.

"असाच थांबतो दर वेळी?" आत्यानं विचारलं. आवाज हळू होता. धाकटी हसायची थांबली.

"हो."

"आणि ही सगळी इथं बसून, बाहेर जाऊन त्याला पलंग सांगत होती?"

"काय करणार आत्या! तो उन्हात उभा राहिलेला, तिकिटं त्यानं काढलेली. आम्ही बाकावर बसलो, असं कोण सांगणार त्याच्या तोंडावर? वाईट वाटलं असतं त्याला."

"गिरणीत लोक डबे ठेवून निघून जायचे," आत्या म्हणाली. "हा रांग सांभाळायचा. मी म्हणायचे, जा रे, खेळ जा. तर म्हणायचा, कोपऱ्यावरच्या काकूंचा डबा पुढं सरकवायचाय. मला वाटलं, मोठा झाला की सुटेल." ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली. "चल."

"आत्या, वर जायचं नाही?"

"बघून झालं."

बाहेर पडताना धाकटी मुद्दाम हळू चालली. आत्याला खोटं बोलता येत नव्हतं. तिला फक्त 'छान आहे' म्हणता यायचं, आणि धाकटी आज मनोमन त्याच दोन शब्दांची वाट बघत होती.

खुंटीचा चेहरा त्यांना बघून उजळला. "इतक्यात झालं? कसं होतं? पलंग बघितलास?"

"नाही," आत्या म्हणाली. चौकातली कबुतरं उडाली. "पलंग नाही बघितला, आरसे नाही बघितले. आत गेले, बाकावर बसले, गुडघे दुखत होते. खिडकीतून तुला बघितलं."

खुंटी खांद्यावरच्या पिशव्या एकदम जड झाल्यासारखा थोडा वाकला. "म्हणजे नाही आवडलं," तो म्हणाला. "माझंच चुकलं. आधी इथंच आणायला हवं होतं तुला, पाय दमायच्या आधी. होडीत उगाच दिवस गेला."

"होडी छान नव्हती," आत्या म्हणाली. "मनोराही नव्हता. जहाजांकडं तर मी बघितलंच नाही. हे तिकीट दिवसभर चालतं का?"

"चालतं."

"मग घे. तू जा आत."

"मी? मला माहीत आहे सगळं."

"सोन्या," आत्या म्हणाली, "पोरगं दे इकडं."

खुंटीनं एक पाऊल मागं घेतलं. लग्नातल्या त्या दिवसापासून धाकटीनं त्याच्या हातून कितीतरी वस्तू परत जाताना बघितल्या होत्या, पण ज्याची वस्तू नाही अशा माणसाकडं त्यानं काही दिलेलं तिनं बघितलं नव्हतं. "तो झोपलाय. जागा होईल."

"तूही गिरणीच्या आवाजात झोपायचास. दे."

मग ते एकेक करून सुटलं. गोटू आत्याच्या खांद्यावर गेला आणि जागा झाला नाही. कोट धाकटीकडं. पिशव्या बाबागाडीत. चिमीला बुटावरून सोलून काढावं लागलं. शेवटी छत्री. ती त्यानं आत्याच्या हातात दिली आणि तरी सोडेना. "हिचं कुणी आलं तर," तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळून हसला.

"मी आहे," आत्या म्हणाली.

तो फाटकातून आत गेला. दाराशी एकदा वळून बघितलं. आत्यानं छत्रीनं पुढं जायची खूण केली.

चौकात एक दगडी कट्टा होता. आत्या त्यावर बसली, शेजारी बाबागाडी लावली. थोड्या वेळानं एक तरुण जोडपं आलं. त्यांचीही बाबागाडी, त्यांचीही तीच पंचाईत. नवरा-बायको एकमेकांना तू जा, तू जा करत होते. ती भाषा आत्याला एक अक्षर कळत नव्हती, पण पंचाईत पूर्ण कळली. तिनं छत्रीनं आपल्या शेजारची जागा दाखवली. "ठेवा इथं. मूल घेऊन जा, गाडी राहू दे." हे सगळं ती मोठ्यानं मराठीत म्हणाली, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी ऐकलं. ते बघून दुसरं जोडपं आलं. मग एक आजोबा चाकांची पिशवी घेऊन. ती पिशवी आत्यानं रांगेच्या शेवटी लावली. ते पुढं घुसवायला बघत होते, तर त्यांना "नंबरानं, नंबरानं!" असं दटावलं. आजोबांनी निमूटपणे पिशवी मागं नेली. चिमीला आत्यानं रांगेच्या टोकाशी उभं केलं. "हलू द्यायची नाही कुणाची." चिमी मुंग्या विसरली.

धाकटी कोट घेऊन बघत राहिली. तीन आठवड्यांत आत्याचे हात पहिल्यांदाच मांडीवर नव्हते.

मधूनच ती राजवाड्याच्या खिडक्यांकडं नजर टाकी. पहिल्या दालनाच्या खिडकीत खुंटी दिसला. बाकावर बसला नाही. मग बऱ्याच वेळानं वरच्या मजल्यावर, डावीकडच्या खिडकीत. मग पुढच्या. त्याचे दोन्ही हात रिकामे होते आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नसावं. शेवटी त्यानं ते पाठीमागं बांधले आणि एखाद्या सरदारासारखा चालायला लागला.

गोटू उठला, रडला, खाल्लं, पुन्हा झोपला. जोडपी येऊन गाड्या घेऊन गेली. आजोबा पिशवी घेताना आत्याला काहीतरी लांबलचक बोलले. "असू दे, असू दे," आत्या म्हणाली. दार बंद व्हायची घंटा झाली तेव्हा सगळ्यात शेवटी खुंटी बाहेर आला, आणि त्याच्यामागं राखणदार बाई किल्ल्या वाजवत.

तो जवळ येताच आत्या म्हणाली, "सोन्या, थंडी संपेपर्यंत राहते मी. मग पुढचं बघू."

खुंटीचं तोंड उघडं राहिलं. "आवडलं तुला?"

"पण एक अट आहे. मला आता काही दाखवायचं नाही."

"नाही दाखवणार."

"भाजी मी चिरणार. आणि शनिवारी पोरांना घेऊन मी इथं येणार, या कट्ट्यावर. तुम्ही दोघं जा कुठं जायचं तिकडं."

खुंटीनं मान डोलावली. मग त्यानं वाकून पिशव्या उचलल्या, सवयीनं, सगळ्या. आत्यानं त्यातली आपली काढून घेतली.

आगगाडीत मुलं झोपल्यावर धाकटीनं त्याला कोपरानं ढोसलं. तिला शिडी माहीत होती, बावीस पायऱ्या माहीत होत्या, आईचा आरसा माहीत होता. मामांना फोन करून कसं चिडवायचं, हेही तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. "मग? कसा आहे राजवाडा?"

खुंटीनं गोटूच्या पायातून निसटणारा बूट नीट बसवला.

"अगदी सगळे म्हणाले होते तसाच," तो म्हणाला.

धाकटीनं त्याच्याकडं बघितलं. तो हसत नव्हता. मग तिनं मामांना फोन केला नाही, आणि आईलाही कधी काही विचारलं नाही.

पाहुणे अजून येतात. येत्या उन्हाळ्यात साडू पुन्हा येणार आहे. खुंटी त्यांना आता आरसेमहाल सांगत नाही. पिशव्या घेताना तो हळूच म्हणतो, "आत गेल्यावर डाव्या हाताला बाक आहे. आधी जरा बसा. खिडकी चांगली आहे." मुकादमाला आत्या हा शब्द आता येतो. तिनं दिलेल्या पोळ्यांचा डबा खुंटीच्या हातून त्याच्याकडं जातो. थंडी संपली, मग पुढची थंडी आली आणि तीही संपली. खुंटीनं सोफ्याच्या पायाखालची वर्तमानपत्रं काढून टाकली आणि तिथं लाकडाचा नवा पाय ठोकला. त्या सोफ्यावर आता आत्या झोपते, आणि पाहुणे खाली, गादीवर.